साक्षीला हीच दोघं

मी, एका पान्यावर पंप दुरुस्तीचा धंदा उभा केलेला आणि सगळे 'पंपवाले' म्हणतात तो, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. फुप्फुसं निकामी होत आली आहेत. डोकं आणि कान शाबूत आहेत. कान जरा जास्तच, हे घरच्यांनी ध्यानात ठेवायला हवं होतं.

१. घराचा खालचा मजला आणि बँकेतली सगळी शिल्लक पत्नीला. स्वयंपाकघराला दुसरी खिडकी पाडायची तिची जुनी इच्छा आहे. ती तिने खुशाल पाडावी, कोणाला विचारू नये.

२. हत्यारं मिस्त्रींना. ते जन्मभर माझ्याकडे टिकले आणि जन्मभर माझ्याशी वाद घालत राहिले. बेअरिंग ओढून काढायचा पुलर मात्र त्यांनी कोणाला देऊ नये. उसना नेलेला पुलर परत आलेला मी अजून पाहिलेला नाही.

३. समोरच्या दुकानदाराने आधी माझी गिऱ्हाइकं नेली, मग पाटीचा रंगही उचलला. आता पाटीच त्याला देऊन टाकावी. अक्षरं तरी सुधारतील.

४. आता मुख्य. डॉक्टरांना मी सरळ विचारलं, "एक सुई देऊन मोकळं करता का?" ते म्हणाले, "काका, ती मी देणार नाही. पण श्वासाचं मशीन नको म्हणालात, तर लावणारही नाही." सुई मागायचा हक्क माणसाला असावा, असं माझं मत, त्यांचं नाही. चांगली जुंपली, चहा गार झाला. शेवटी जमण्यासारखं ठरलं: घशात नळी नाही, मशीन नाही, जीव घाबरला तर त्रास कमी होईल असं औषध द्यावं. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, म्हणून वकिलांनी याचा वेगळा कागद करून डॉक्टरांकडे दिला आहे. इथे लिहितो ते घरासाठी.

५. स्वयंपाकघरातलं बोलणं मी पलंगावरून ऐकलं आहे. मुलगी म्हणाली, "दादा, बाबांना आता सुटू दे ना." मुलगा म्हणाला, "तुला एवढी घाई कसली? मी असताना त्यांचा श्वास थांबणार नाही." तेव्हापासून दोघं आईमार्फत बोलतात. "आई, त्याला म्हणावं मीठ इकडे दे."

पोरांनो, पंप कोरडा फिरतो तेव्हा आवाज येत असतो, पाणी येत नसतं. नुसत्या आवाजाचे पैसे मी कधी घेतले नाहीत. तुमच्यापैकी कोणी मला मारत नाही, आणि वाचवणं कोणाच्या हातात नाही. निर्णय माझा आहे.

६. मुलगा व मुलगी यांना या मृत्युपत्रात काहीही ठेवलेलं नाही. लोक म्हणतील, म्हाताऱ्याने पोरांना वाऱ्यावर सोडलं. म्हणोत. दुकान मुलाच्या आणि वरचा मजला मुलीच्या नावे आधीच केला आहे. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. ऐकताक्षणी मी दोघांची नावं कलमांतून काढायला लावली आणि त्यांचं त्यांना वेगळ्या कागदाने देऊन टाकलं. मला साक्षीला हीच दोघं हवीत. दोघांनी एकत्र बसून, माझ्यासमोर, हा कागद मोठ्याने वाचावा आणि मगच सही करावी.

ठिकाण: माझी खोली, पलंगाशेजारी.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो.

लिहून देणार: पंपवाले (सही)

साक्षीदार पहिली: मुलगी (सही)
चौथ्या कलमापर्यंत मी वाचलं. पुढे माझ्याच्याने होईना, दादाने वाचलं.

साक्षीदार दुसरा: मुलगा (सही)
सगळं वाचलं. मला पटलेलं नाही. नळी घालू देणार नाही.