काळी नाणी, उजळ नाणी

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, पोरांना गोड पापे. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

शिलाई यंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय. माझा पुढचा दात पडला. तू ठेवलेलं ‘ठोंब्या’ हे नाव आता तोंडावरही शोभतं. तुझी भावजय म्हणते, “दाताचं पुराण पुरे, मुद्द्याचं लिहा.”

तर, बाबांच्या नाण्यांपैकी माझ्या वाट्याची थोडी मोडली. औषधांसाठी पैसे हवे होते. सराफ म्हातारा आणि बोलका निघाला. त्याने एकेक नाणं काचेवर वाजवून पाहिलं, मग काट्यावर टाकलं. म्हणाला, “ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, जवळजवळ सगळं रुपंच, म्हणजे चांदी. युद्धात चांदी महागली तशी सरकारने नाण्यातली निम्मी काढून घेतली. पुढे तीही गेली, निकेल आलं. ठसा तोच, आकडा तोच. लोक काय वेडे नव्हते, त्यांनी जुनी दडवली नाहीतर वितळवली, आणि बाजारात फिरत राहिलं ते निकेल.”

बाबा दर पगाराला एक नाणं डब्यात टाकायचे. जसा काळ, तसं नाणं. त्यामुळे त्या एका डब्यात दोन्ही जमली होती.

तुझ्या लग्नात आईने वाटणी केली. तू तुझी नाणी सराफाला दाखवलीस आणि मला फोन केलास, “रुपं लेकाला, निकेल लेकीला. आईला सांग, पोचलं.” त्यानंतर तू या घराचा उंबरा चढली नाहीस. मी आईला एवढंच म्हणालो, नाणी पोचली. तुझं बोलणं तिच्यापर्यंत नेण्याची माझी छाती झाली नाही. आणि खरं सांगू? आईचा जीव माझ्यावर जास्त, या विचाराने मला आतून गुदगुल्याही झाल्या होत्या.

परवा सराफाकडून आलो आणि आईला सांगितलं की नाण्यांचे चांगले पैसे आले. ती उशीवरून मान उचलून म्हणाली, “त्या काळ्या ठिक्कर नाण्यांचे एवढे? मग ताईकडच्या चकचकीत नाण्यांचे किती येतील रे!”

मी म्हटलं, “आई, तू वाटणी केलीस कशी?”

“कशी म्हणजे? फडक्याने एकेक पुसलं. उजळलं ते तिला, काळंच राहिलं ते तुला. लेकीच्या हातावर काळं कसं ठेवायचं? तू काय, घरातलाच. तुला चालतं.” मग जरा ओशाळून म्हणाली, “तुला कमी दिलं, रागावू नकोस.”

ताई, रुपं काळं पडतं आणि निकेल उजळ राहतं, हे तिला कोण सांगणार? तिने निवडून निवडून उत्तम ते तुला दिलं. मला उरलंसुरलं. हे लिहिताना थोडं लागतंय, पण आहे ते असं आहे.

मी तिला काहीच सांगितलं नाही. माझी उरलेली नाणी तुझी आहेत, वेगळी बांधून ठेवलीत. पण त्यांच्यासाठी येऊ नकोस.

औषधं आईची आहेत. पोटात गाठ आहे आणि डॉक्टरांनी आता कापाकापी करायला नको म्हणून सांगितलं. अन्न जात नाही. दिवसातून दोनदा विचारते, “ताईला नाणी आवडली ना रे? काही बोललीच नाही ती.” मी ‘हो’ म्हणतो. माझ्या ‘हो’ने तिचं समाधान होत नाही.

तू ये. तिच्याजवळ बसून, आवडली म्हण. मनात राग उरलाच तर नंतर माझ्याशी भांड, मी तुला जन्मभर पुरेन. आई पुरणार नाही.

तुझा,
ठोंब्या