फोनवर गिळलेला शब्द

सोलापूर,
५ जानेवारी

ती. सौ. अक्कास,
वैजयंतीचा सा. न. वि. वि.

तुझी पायल इथे मजेत आहे. नववीचा अभ्यास करते, शेंगाचटणीची बरणी बघता बघता रिकामी करते आणि मावशीला उलट उत्तर द्यायला तुझ्यासारखीच तयार असते. फोन करावा तर तो भाऊजींच्या खिशात आणि बोलणं स्पीकरवर, सोप्यात बसलेलं सगळं घर कान लावून. बायकांनी बोलायचं कसं? म्हणून हे पत्र दुधनीला ये-जा करणाऱ्या गौसभाईंच्या जीपबरोबर पाठवते आहे. उत्तरही त्यांच्याकडेच दे.

शाळेत मुलींना त्या कॅन्सरची माहिती द्यायचं काम मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात घातलं. मी विज्ञान शिकवते ना, मग अवघड ते सगळं माझंच! पुस्तकातला शब्द फळ्यावर लिहिला, तर मुलींच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी आपण बायका आपसात म्हणतो तोच शब्द वापरला. आधी सगळ्या ओढणीत तोंड घालून हसल्या, मग मात्र कान देऊन ऐकू लागल्या. पायलने तुला फोनवर सगळं सांगितलंय म्हणे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने तपासून घ्यायचं असतं. तू घेतलंस का?

पुढच्या महिन्यात शाळेत पायलच्या वयाच्या मुलींना त्या कॅन्सरवरची लस देणार आहेत. तुझा होकार हवा. आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला ये, पायल वाट बघते.

भाऊजींना नमस्कार. लोभ असू दे, आणि होकारही.
तुझी,
वैजयंती

दुधनी,
११ जानेवारी

चि. वैजयंतीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पायलने फोनवर बजावून सांगितलं होतं की आई, बायकांना तोंडाचा कॅन्सर होतो, तू तपासून घे. त्याच दिवशी मिश्रीची डबी उकिरड्यावर भिरकावली. इतक्या वर्षांची सवय, सकाळी जीव कासावीस होतो, पण लेकीने सांगितलं म्हणजे काय! बाजारपेठेत दातांचं शिबिर भरलं होतं, तिथे जाऊन मोठा आ करून आले. डॉक्टर म्हणाला, आजी, तोंड एकदम स्वच्छ आहे. आजी म्हणाला मेला! तेवढं सोडलं तर बातमी चांगली. तेव्हा माझी काळजी सोड.

लसीला मात्र माझा होकार नाही. आमची धाकटी जाऊ शिवबाई सांगत होती की ती सुई टोचली की पोरींना पुढे लेकरं होत न्हाईत. खरं-खोटं देव जाणे, पण एकुलती एक लेक आहे माझी. मला भीती वाटते.

यात्रेला यायचं जमणार नाही. हसशील तू. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती ना, ती दिवाळीपासून परत सुरू झाली, अधूनमधून केव्हाही येते. शिवबाई चिडवते की अक्काला परत तरुणपण आलंय की. कंबर तेवढी दुखते. अशा अंगाने देवाच्या गर्दीत कुठे येऊ?

पायलला केस विंचरून वेणी घालत जा. माझी माया आहेच, तुझीही राहू दे.
तुझी,
अक्का

सोलापूर,
१२ जानेवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. ताबडतोब फोन केला. भाऊजींनी उचलला, स्पीकर लावला, मागे तुझ्या सासऱ्यांचा, महादेवप्पा मामांचा खोकला ऐकू येत होता. मी तुला नीट आहेस ना विचारलं, तू हो म्हणालीस, मी फोन ठेवला. घरात दोन मास्तर असलेल्या माहेरची मी, मुलींपुढे तासभर बोलणारी, आणि तुझ्या सासरच्या पुरुषांपुढे माझी वाचा बसली. म्हणून पुन्हा कागद.

अक्का, तो कॅन्सर या तोंडाचा नाही. पिशवीच्या तोंडाचा. गर्भपिशवीच्या. मिश्रीशी त्याचा संबंध नाही आणि दातांच्या डॉक्टरला तो दिसत नाही.

पायलला विचारलं. तिला रडू फुटलं. म्हणाली, फोनवर बाबा होते, काका होते, त्यांच्यासमोर पिशवी कसं म्हणू? म्हणून पहिला शब्द गिळला आणि नुसतं तोंड म्हणाली. सकाळपासून जेवली नाही पोर. आईला काही झालं तर ते माझ्यामुळे, असंच धरून बसली आहे.

आणि अक्का, पाळी जाऊन दोन वर्षांनी परत आली, तर ती पाळी नव्हे. तरुणपण नव्हे. मीच हे मुलींना शिकवलं आहे, म्हणून जास्त घाबरले आहे. कॅन्सरच असेल असं नाही, दुसरंही काही असू शकतं. पण बघितल्याशिवाय कळणार कसं? गौसभाई उद्याच परत निघतील. त्यांच्याबरोबर ये. शिव्या दे, पण ये.

लोभ वगैरे नंतर बघू.
वैजू

दुधनी,
१४ जानेवारी

चि. वैजूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र परड्यात उभ्याने वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तुला सगळं लिहिलं नव्हतं. पांढरंही जातं, आणि त्याला वास येतो. मला वाटायचं, बाईच्या जन्माला आलं की हे असतंच. कुणाला सांगायचं? सांगितलं तर कडेला बसवतील, नाहीतर नावं ठेवतील की काय केलंस म्हणून असं झालं.

आज संक्रांतीला बायकांना कुंकू लावताना सारखं वाटत होतं, हे शेवटचं तर नसेल? पायलचं लग्न बघायला मिळेल का? वैजू, मला मरणाची भीती वाटते गं. हे कुणापुढे बोलले नाही अजून.

काल यायचं धाडस झालं नाही. उद्या येते. घरी काय सांगू, सुचत नव्हतं. मग तुमच्या मास्तरकीतलंच निमित्त सापडलं. तोंड तपासायला सोलापूरला चालले असं सांगितलं. सगळ्यांना पटलं. पोरीने अर्धाच शब्द सांगितला, पण दाराबाहेर काढलं ना त्या अर्ध्या शब्दाने! तिला म्हणावं, जेव.

तुझी,
अक्का

सोलापूर,
२६ फेब्रुवारी

चि. सौ. शिवबाईस,
तुझ्या थोरल्या जाऊबाईचे आशीर्वाद.

तू सातवी शिकलेली आहेस. हे पत्र मुलाकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच, अडलं तर दोनदा वाच.

आहे मला. तुकडा काढून तपासला, त्यात निघालं. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून फार पसरलेलं नाही, किरणांचे शेक देऊन बरं व्हायची आशा आहे. शेक सुरू झालेत. पोटात ढवळतं, अन्नाची शिसारी येते. बरं होईल म्हणतात तेव्हा धीर येतो, दवाखान्यातून घरी आले की परत भीती अंगावर येते. वैजू हसवते. मी हसते, ती बिचारी इतकं करते म्हणून.

पायलला सुई दिली. मी शेजारी बसले होते. तू म्हणत होतीस ते लेकरं न होण्याचं मी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. म्हणाल्या, तसं काही नाही, कुणीतरी उठवलेलं आहे. हा रोग एका विषाणूने येतो, नवरा-बायकोच्या संबंधातून, म्हणून पोरी लहान आहेत तोवरच सुई द्यायची. मला आता तिचा उपयोग नाही.

इतके दिवस घरी तोंडाच्या तपासण्या चालू आहेत एवढंच कळवत होते. काल मी घरी फोन केला. स्पीकर लावलेला होता, मला ठाऊक होतं. यांनी विचारलं, तोंडाचं काय झालं? मी म्हटलं, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. सगळा शब्द म्हटला, मोठ्याने. सोप्यात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग हे हळू आवाजात म्हणाले, मी येतो तिकडं. त्यांचा आवाज रडवेला होता.

पण शिवबाई, त्याआधी आतून तुझा भाकरी थापायचा आवाज येत होता. मी तो शब्द म्हटला आणि तो थांबला. फोन ठेवीपर्यंत पुन्हा आला नाही.

का थांबला, ते मी विचारत नाही. मृगापासून तू तुझी लुगडी वेगळी, अंधारात धुतेस. मी पाहिलंय. तेव्हा मला त्याचा अर्थ कळत नव्हता. तू मला तरुणपणावरून चिडवायचीस, ते घाबरून चिडवत होतीस का गं?

गौसभाईंना गुरुवारी पुढच्या दोन जागा धरायला सांगितल्या आहेत. एक तुझी तपासणीला, एक तुझ्या लेकीची, भाग्यश्रीची, सुईला. घरी दात दुखतो म्हणून सांगू नकोस. मी शब्द बोलून ठेवला आहे, तोच सांग.

लोभ आहेच. तो इथे येऊन भेटीत घे.
वाट बघणारी,
मथुरा