काटोलचे अकरा चंद्र

लकडगंज, नागपूर
(तिथी मुद्दाम घातलेली नाही)

चि. गिरिधर यास देवरावमामाचे अनेक आशीर्वाद. तुझी आणि सूनबाईंची प्रकृती बरी असेल असे धरून चालतो, कारण नसती तर तुझ्या आईने सगळ्या मोहल्ल्याला सांगितले असते आणि मोहल्ल्याने मला. हल्ली मोहल्ल्यावरच विसंबावे लागते. तुझी आई, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, तीन रविवार झाले माझ्या घरी आलेली नाही. माझी पाठ दुखायची ती दुखतेच आहे.

दोष शोधायचा तर तो तुझ्यापासून सुरू होतो. गेल्या वर्षी परदेशातून येताना तू तो आकाशातल्या व्यापाराचा खेळ आणलास (पट नाही, सोंगट्या नाहीत, टेबलाशी बसून आपण जहाजावर आहोत असे समजून बोलायचे, आणि एकाने पंच होऊन पुढे काय घडले ते सांगायचे), आणि टीव्हीला जोडायचा तो कॉम्प्युटरही माझ्याकडे ठेवून पुण्याला निघून गेलास. पंच मी. कप्तान शोभाताई, म्हणजे तुझी आई. लाकूड चिरणारा आरामशीनवाला लहानू इंजिन सांभाळतो, सदर भागातला चष्मेवाला विश्वनाथ रस्ता काढतो. ग्रहांची इंग्रजी नावे लहानूच्या जिभेवर बसेनात म्हणून मी त्यांना काटोल, उमरेड, सावनेर अशी आपल्याकडच्या गावांची नावे दिली. जहाजाचे नाव ‘सत्यवती’, आमच्या आईचे. त्यावर आम्हा भावंडांचे अर्ध्या मिनिटात एकमत झाले. (असे पूर्वी एकदाच झाले होते, तुझ्या वडिलांचे स्थळ आले तेव्हा.)

आता कुठल्या ग्रहावर संत्र्याला काय भाव, हे त्या खेळाच्या नियमांच्या पुस्तकात दोन फासे टाकून ठरवतात. फासे! गांधीबागेच्या बाजारात एकतीस वर्षे मी कापडाच्या गाठी रवाना करतो आहे. भाव असे ठरत असते तर आमच्या शेठजींनी मला कशाला ठेवले असते? म्हणून मागणी, भाव, वाटेतली नासाडी असे सगळे कॉम्प्युटरनेच काढावे असा प्रोग्राम मी लिहिला. चारशे बारा ओळी. कोणाकडे शिकायला गेलो नाही. माहितीपुस्तक एका बाजूला, शब्दकोश दुसऱ्या बाजूला, असा चार महिने बसलो. (पहिले तीन आठवडे ‘रन’ म्हणजे क्रिकेटमधली धाव असे समजत होतो, पण त्यावाचून काही अडले नाही.) कॅसेटवरून तो चढायला सात मिनिटे लागतात, आणि सकाळची पौराणिक मालिका संपल्याशिवाय घरात टीव्ही मोकळा मिळत नाही, म्हणून दर रविवारी साडेदहाला आरंभ.

वाद पेटला तो ओळ ३४० वरून. आमचे शेठजी अमावास्येला माल हलू देत नाहीत. हे कुठल्या भिंतीवर लिहिलेले नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते, आणि खरा व्यापार दाखवायचा तर हे सोडून कसे चालेल? म्हणून ३४०: अमावास्या असेल तर जहाज सुटणार नाही. आता आपल्याला चंद्र एक. पुस्तकाप्रमाणे काटोलला अकरा, पहिल्याची फेरी तीन दिवसांची, दुसऱ्याची चार, अशी चढत अकराव्याची तेरा. प्रत्येकाची अमावास्या निराळी, त्यात तिथी एका दिवशी दुपारी लागून दुसऱ्या दिवशी दुपारी सुटते, म्हणून प्रत्येकीचे दोन दिवस धरले. पडताळून पाहा, सरासरी अठ्ठ्याहत्तर दिवसांत एक दिवस मोकळा निघतो. यात माझी चूक कुठे आहे?

‘सत्यवती’ काटोलला संत्री भरून उभी राहिली. रोज दोन टक्के नासाडी (ओळ २१०, तीही बरोबर आहे). एक रविवार गेला, दुसरा गेला. लहानू दर वेळी विचारी, “देवरावजी, आज तरी इंजिन चालू करू का जी?” पडद्यावर उत्तर: अमावास्या. तिसऱ्या रविवारी तो मोकळा दिवस आला. तुझी आई खुर्चीतून अर्धी उठून “निघा!” म्हणाली आणि लाइन गेली. वीज गेली म्हणजे कॉम्प्युटरच्या डोक्यातले सगळे पुसले. कॅसेटवर जुनीच तारीख, आणि पुढे पुन्हा अमावास्याच अमावास्या.

तिने पिशवी उचलली. “काहून गा देवराव, तुहा शेठ दिवाळीले लक्ष्मीपूजन कोन्त्या दिवशी करते? अवसेलेच ना? त्याले चालते, अन् माह्या जहाजाले चालत नाही?” (हा मुद्दा बिनतोड आहे हे मी तुला सांगतो, तिला सांगितलेले नाही.) मी एवढेच म्हणालो की प्रोग्राम म्हणेल ते खरे. “मंग यंदा भाऊबीजेले त्या मशीनकडूनच ओवाळून घे!” असे म्हणून ती गेली, आणि मागोमाग ते दोघे, कप्तान गेल्यावर इंजिनवाला काय करणार.

आता तिघे तिच्याकडे फाशांवर खेळतात. नव्या जहाजाला तिने अजून नाव दिलेले नाही, असे विश्वनाथ माझ्या चष्म्याची दांडी बसवताना बोलून गेला. मी काही विचारले नव्हते. इकडे चारशे बारा ओळी मी दोनदा तपासल्या. चूक सापडत नाही. सापडली असती तर बरे झाले असते रे, दुरुस्त तरी केली असती. रविवारी साडेदहाला चार खुर्च्या मांडतो (केर काढायला सोपे जाते), सात मिनिटे कॅसेटची ती चिरचिर ऐकतो, आणि बंद करतो.

असो. प्रोग्राम बदलणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. सूनबाईंना आशीर्वाद सांग.

तुझा मामा,
देवराव

ता. क. आता मुद्द्याचे. तुझ्या आईला पत्र टाक, आणि मी सांगितले असे त्यात कुठेही येऊ देऊ नकोस. लिही, की त्या पुस्तकाचे परदेशातून शुद्धिपत्र आले आहे आणि त्यात आईच्या नावाच्या जहाजाला अमावास्या लागत नाही असे छापलेले आहे. मामाला हे मान्य करावेच लागेल, असेही लिही. भाऊबीजेला आजपासून बत्तीस दिवस आहेत. टपालाला जाऊन-येऊन दहा, तुझ्या आळसाला दहा. उरलेले बारा तुझ्या आईच्या रागाला लागतील.

ता. क. २. त्या अर्थाची ओळ ३४५ मी प्रोग्राममध्ये घातलेली आहे. त्या दिवशी तुझी आई जिना उतरली आणि लाइन आली, तेव्हाच. पण कप्तानाशिवाय जहाज सोडता येत नाही, म्हणून ते काटोललाच उभे आहे. संत्री नासणार नाहीत. ओळ २१० काढून टाकली.

ता. क. ३. आज सर्वपित्री अमावास्या. पत्र आजच पेटीत टाकतो आहे. टपाल म्हणजे काही माल नव्हे. तरी हे तुझ्या आईला कळवू नकोस.