कडब्याचे पैसे

अण्णा, आईनं परवा सही केली. तुमच्या ग्रॅच्युइटीच्या कागदांवर. तुम्ही गेल्यावर ते आले, तेव्हापासून कपाटात तुमच्या शालीखाली पडून होते. दर दिवाळीच्या साफसफाईत मी ते काढून तिच्यापुढे ठेवायची, ती चष्मा पुसायची, वाचायची मात्र नाही, आणि जिथून काढले तिथेच ठेव म्हणायची. आता जेवून ती आत आडवी झाली आहे. शेजारच्या नागापूरच्या कारखान्यांची पाळी सुटायला वेळ आहे, त्यामुळे रस्ता शांत आहे, आणि हे ज्यांना सांगावं असं तुमच्याशिवाय दुसरं कोणी मला आठवत नाही.

सुरुवात तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी मला ती माझ्या बाजूनं सांगू द्या, कारण तेव्हा मला कोणी बोलू दिलं नव्हतं. मी नववीला होते. पाथर्डीच्या पोलीस लाइनीत आपली खोली, आणि ठाण्यामागच्या लिंबाखाली बांधलेली ती बैलजोडी. दोघं चुलतभाऊ एकाच जोडीवर हक्क सांगत होते. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत बैल जप्त झाले, आणि मुद्देमाल सांभाळणारे हवालदार तुम्ही, म्हणून ते तुमच्या गळ्यात पडले. ठाण्यात जप्तीच्या सायकलीला चारा लागत नाही, दारूच्या कॅनला पाणी लागत नाही. बैलांना दोन्ही लागतं, आणि ते कोणी द्यायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग तुम्ही पगारातून कडबा आणायला लागलात. आई चुलीपाशी बसून ऐकवायची की आपल्या दारात म्हैस नाही, शेळी नाही, आणि कडबा मात्र पेंढ्यांनी येतोय. तिनं तेव्हापासून जे धरलं ते धरलंच, सरकारकडं माझं कडब्याचं येणं हाय. तुम्ही हसून म्हणायचात, अर्ज कर.

ती संध्याकाळ आत्ताही माझ्यासमोर आहे. ड्युटी संपली आहे, तुम्ही बनियन आणि खाकी पँटवर उकिडवे बसून विळ्यानं कडबा तोडताय, आणि पांढरा बैल तुमचा दंड चाटतोय. मी इतिहासाचं पुस्तक घेऊन पायरीवर बसले आहे आणि एक अक्षर डोक्यात शिरत नाही. तुम्हाला इतकं निवांत मी घरात कधी पाहिलं नव्हतं. पुढेही नाही.

दसरा झाला की आपल्याकडची निम्मी गावं ऊसतोडीला निघतात. त्या वर्षी त्या दोघा भावांतला थोरला, त्याची बायको आणि त्यांची टोळी कोपरगावकडे निघायची होती. गाडी होती, बैल लिंबाला बांधलेले. तारीख पडली होती दिवाळीनंतरची. नवराबायको ठाण्यामागं येऊन बसली. ती बाई नुसती बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिली. तुम्ही उठलात आणि दावी सोडलीत. "पट्टा पडला की आणून बांध," एवढंच त्याला म्हणालात. पट्टा पडला की, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की. कोर्टाच्या हुकमाशिवाय ज्यानं कोणाची सायकल सोडली नाही, त्या माणसानं चार पायांचा मुद्देमाल नुसत्या शब्दावर सोडला.

त्यानं शब्द पाळला. उन्हाळ्यात आणून बांधला, पण एकच. पांढरा बैल कोपरगावला पोट फुगून गेला होता. मग धाकट्या भावानं तक्रार दिली, हवालदारानं बैल विकून पैसे खाल्ले. आपल्या घरी केस आली ती अशी, मेलेल्या बैलामागून.

मी तुम्हाला एकदाच विचारलं, जेवताना. सोडलेच कशाला, तारखेपर्यंत थांबायचं होतं. माझा आवाज चढला होता. शाळेत मुली बैलचोर हवालदाराची पोरगी म्हणत होत्या, ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबलात.

"जनावराला तारीख कळती का?" तुम्ही म्हणालात. "मंग गप जेव."

मी जेवले. त्यानंतर घरात तारखा आपल्यालाच कळायला लागल्या. कधी साक्षीदार नाही, कधी साहेब रजेवर, कधी वकिलांचा संप. तुमच्या बरोबरीचे फौजदार झाले, त्यांच्या खांद्यावर तारे आले. तुमचं नाव यादीत यायचं आणि केस प्रलंबित म्हणून मागं राहायचं. सकाळी तुमचा युनिफॉर्म मी इस्त्री करायची, कोळशाच्या इस्त्रीनं, बाहीवरच्या तीन फिती सांभाळून. खांद्याची पट्टी मी उगीच जास्त वेळ दाबायची. तुम्ही एकदा आरशातून पाहिलंत आणि म्हणालात, तिथं काय उगवायचंय का? मला हसू आलं. रडूही येत होतं, पण हसू आधी आलं.

निवृत्तीच्या दिवशी इतरांसारखी फुलांनी सजवलेली जीप तुम्ही नको म्हणालात. हार पिशवीत घालून एसटीनं घरी आलात. पेन्शन तात्पुरती, ग्रॅच्युइटी केसचा निकाल लागेपर्यंत राखून ठेवलेली. शाल आणि नारळ मात्र मिळाला. ते आईच्या हातात देत म्हणालात, शाल राखून ठेवायचा नियम नसंल. घर बांधायचं होतं ते राहिलं, पण तुमचं दुःख घराचं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. तुम्हाला कोर्टाकडून एक शब्द हवा होता, निर्दोष. दर तारखेला तुम्ही दाढी करून, कडक कपडे घालून त्या शब्दासाठी जात होतात.

तो आलाच नाही. तुम्ही गेलात आणि कोर्टानं लिहिलं, आरोपी मयत, प्रकरण बंद. केस बंद म्हटल्यावर ऑफिसातून वारसाचे कागद आले. आई महिन्याची पेन्शन घेत राहिली, ती नोकरीची आहे म्हणायची. पण या पैशाला हात लावायला तयार नव्हती. "ते निर्दोष हायेत म्हनून देत न्हाईत, मेले म्हनून देतायत," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, मी काय समजवणार होते.

परवा दारात एक म्हातारा आणि म्हातारी उभे. मी ओळखलं नाही, आईनं ओळखलं. तोच, ऊसतोडीवाला. आता तोड होत नाही, पोरगा जातो. पाथर्डीहून पत्ता विचारत विचारत आले होते. चहा झाला, तरी उठेनात. शेवटी त्यानं धोतराच्या कनवटीची पुरचुंडी काढून आईसमोर ठेवली.

"हवालदारसायबाला त्या बैलापायी लई भोगावं लागलं," तो म्हणाला. "बैलाचं मोल हाय. घ्या, म्हंजी आमी मोकळं."

आईनं पुरचुंडी उचलून त्याच्या बायकोच्या हातात परत दिली.

"तुमचं काय देनं न्हाई. तुमी आनून बांधला व्हता. देनं सरकार लागतंय, माझ्या कडब्याचं."

बोलून गेली आणि स्वतःच थांबली. त्यांना पोचवून मी आत आले तर ती कपाटापाशी उभी, शाल खांद्यावर, कागद हातात. पेन दे म्हणाली. मी विचारलं, निर्दोषचं काय? तर म्हणाली, ते त्या दोघांनी सांगितलं की आत्ता. सरकारकडून नुसतं कडब्याचं घ्यायचंय.

काल आम्ही कागद द्यायला शहरात गेलो. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण रिक्षावाले नगर, नगर असंच ओरडतात, तुम्ही असतात तर त्यावर काहीतरी बोलला असतात. आईनं लग्नातलं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, तुम्ही तारखेला जायचात तसं. पैसे कधी येतील ते त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं मला माहीत नाही. शालीखालची जागा रिकामी झाली आहे, तिथंच ठेवीन. एक सांगायचं राहिलं. ऑफिसातल्या मुलीनं तुमचा हुद्दा विचारला. तिच्या समोरच्या कागदावर हवालदार लिहिलेलं मला दिसत होतं, आणि मी फौजदार म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर होतं तेच लिहिलं. मी खोटं बोलले, अण्णा. आई शेजारीच बसली होती, तिनं मला दुरुस्त केलं नाही.