अण्णांच्या ट्रॅक्टरचं चामडं

लालबाग,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय जयवंता,

तू आणि तुझी आकांक्षा मजेत असालच. गावात राहूनही नसाल तर दोष तुमचा. आम्ही ठीक. शेजारच्या खोलीतला वैभव आज बसने गावी येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. आजच्या काळात पत्र कसलं, म्हणशील. अरे, आपल्या खोलीत फोनवर बोलायचं म्हणजे अण्णांच्या कानात बोलायचं. गॅलरीत जावं तर अख्खी चाळ ऐकते आणि स्वतःचा सल्ला जोडून त्यांनाच येऊन सांगते.

तर ट्रॅक्टर. गिअर सुटतो म्हणून मिस्त्रीने उघडला आणि दांड्यापासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या सळईच्या टोकाला बुशच्या, म्हणजे धातूच्या कड्याच्या, जागी चामडं निघालं, म्हणून तू हसत होतास. मला नवल वाटलं नाही. मिलमध्ये माग दुरुस्त करणारा जॉबर माणूस! मिल बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी घरी निराशा आणली, अण्णांनी मागाचं चामडं आणलं. जगात जे जे खडखडतं त्यावर त्यांचा हाच इलाज. माझ्या शिलाई मशीनलाही तेच, मोरीच्या दारालाही तेच. तेलात चामडं फुगतं, झिजतं, उतारावर दुसरा गिअर सुटतो आणि शिव्या तू खातोस: “तुका गाडी चलवूक येणा नाय!” इतकी वर्षं तू फुकट खाल्ल्यास, एवढं लेखी देते.

पितळी बुश मिळाला. दुकानदार म्हणाला, “मॅडम, हे मॉडेल अजून चालतंय?” म्हटलं, “मालकही त्याच मॉडेलचा आहे.”

अण्णांनी तो बुश उलटासुलटा करून बघितला. “चकचकीत हा. अहेर करूक बरो.” मग उशीला टेकून म्हणाले, “जयवंताक सांग, मी येईसर कोणी हात लावूचो नाय. आधी दांडो नि गिअरबॉक्स, दोनय न्यूट्रलला आणूचे. मग नट फिरवून सळईची लांबी जमवूची. पिन बोटान आत जाऊक व्हयी. हातोडो मारल्यान तर सांग, बापूस अजून जिवंत हा.”

मी पातेलं घासायला घेतलं. घासलेलंच होतं.

जयवंता, आज परळहून रिपोर्ट आणले. ऑपरेशनची गरज नाही, असं मी अण्णांना सांगितलं. त्यात खोटं काही नाही, फक्त अर्धं सांगितलं. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. “घरी न्या,” म्हणाले. मी मूर्खासारखं विचारलं, “कोणत्या?” ते म्हणाले, “जिथे त्यांना बरं वाटेल.” औषधं आता दुखू नये एवढ्यापुरतीच.

अण्णांनी एवढंच विचारलं, “गाडी कधीची काढलंस?”

शनिवारची काढली आहे. तेव्हा त्या मिस्त्रीला परत पाठव. पितळी बुश सोबत देते, तो कपाटात टाक. खळ्यात खुर्ची ठेव. हात तुझे, तोंड त्यांचं. कापू देत त्यांना चामडं. चुकीचंच होणार, मलाही ठाऊक आहे, तुलाही. गिअर पुन्हा सुटणार. ट्रॅक्टर खळ्याबाहेर काढू नकोस म्हणजे झालं. शिव्या खा. आणि उलट उत्तरंही देत जा, नाहीतर त्यांना संशय येईल.

पितळी नंतर लाव.

हे ‘नंतर’ लिहिलं आणि उठून गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गेले. बकुळाताई कोणाला शोधताय, म्हणून समोरच्या वहिनी विचारत होत्या. म्हटलं, मांजर. आपल्याकडे मांजर नाही.

वाचून लगेच फोन करू नकोस. तुझा आवाज जड झाला की अण्णांना तो खाटेवरून कळतो. आधी कोणाशी तरी भांडून घे, घसा मोकळा कर, मग कर.

शनिवारपर्यंत खोटं बोलायला एकटीच उरलेली,
तुझी ताई