न्हाणीघराची किल्ली

ता. ३ जून

चि. धाकल्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

रविवारी तुरुंगात तुझ्या गळाभेटीला आले, लहानपणासारखे मागून डोळे झाकले, तर तू कोपर मारून मला भिंतीवर ढकललंस. वर कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसलास. अरे, ताई आहे मी तुझी, वसुलीवाली नव्हे! हात दुखतोय, शिंप्याच्या दुकानातली काजं-बटणं कशीबशी उरकते. तू तिथे सगळ्यांचे केस कापतोस, सगळे तुला मानतात, म्हणून मी इथे फुशारक्या मारते. रागावला असशील तर चार शिव्या घाल, पण गप्प बसू नकोस.

लोभ आटवू नकोस.
तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर कसला राग? हे पत्र माझ्या वकीलबाईंच्या हाती देतोय, म्हणजे इथे कुणी वाचणार नाही. आमच्या बराकीचा मुकादम कैदीच आहे, पण साहेबांच्या मर्जीतला. न्हाणीघराची किल्ली त्याच्याकडे. हिवाळ्यात त्याने दार लावून माझ्यावर बळजबरी केली. एकदा नाही. तेव्हापासून पाठीमागे कुणी आलं की माझा मी राहत नाही. केस कापतानाही भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि गिऱ्हाईकालाच फिरवतो. सगळे हसतात, मीही हसतो. पुरुषासारखा पुरुष, सांगू कुणाला? लाज वाटते गं. कुणाला सांगू नकोस, माझी शप्पथ आहे.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा धाकला

ता. १६ जून

चि. धाकल्यास,
अ. आ. वि. वि.

शप्पथ मोडली. घरात बसवेना, तडक तुरुंगाच्या अधीक्षकांपुढे जाऊन उभी राहिले. आजच्या आज बघतो म्हणाले. तू गुन्हा केलास, त्याची शिक्षा भोगतोस. पण ही शिक्षा कुठल्या कोर्टाने दिली होती? लाज त्या मेल्याला वाटू दे. आता निवांत झोप.

लोभ आहेच.
तुझी ताई

ता. २५ जून

ती. ताईस,
न. वि. वि.

छान केलंस! माझ्या 'सुरक्षिततेसाठी' मलाच एकट्याला कोठडीत टाकलंय. मुकादम बराकीत मिरवतोय. कात्री गेली, गप्पा गेल्या, जेवण दाराच्या फटीतून येतं. दिवसभर भिंतीशी बोलतो. ती तरी तुझ्यासारखी मध्ये तोंड घालत नाही. मुकादमाने मला विचारलं नव्हतं, तूही विचारलं नाहीस. तक्रार मागे घेतली तर बराकीत परत नेतील म्हणतात. सोमवारी सही करायची आहे. ताई, मला माणसं हवी आहेत गं.

धाकला

ता. २८ जून

चि. धाकल्यास,
अ. आ. वि. वि.

चुकलं माझं. तुला सोडवतेय असं वाटलं आणि तुला विचारायचंच राहिलं. आता तू ठरव. सही केलीस तरी माझा भाऊ, नाही केलीस तरी माझाच. समुपदेशक बाईंची भेट मागता येते म्हणे. हवी असेल तर वकीलबाईंना तूच सांग. दुकानातून आले की माझ्याशीही बोलायला कुणी नसतं रे. पण मला माझं दार उघडता येतं.

लोभ ठेवलास तर उपकार.
ताई

ता. २० ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. समुपदेशक बाई आल्या आणि आधी विचारलं, दार उघडं ठेवू की बंद, आणि मी कुठे बसू? इतक्या महिन्यांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. उघडं, एवढंच म्हणालो. त्या बसून राहिल्या. चौथ्या-पाचव्या भेटीत सगळं सांगितलं.

मग वकीलबाईंनी वरपर्यंत अर्ज केला. मुकादमाला दुसऱ्या तुरुंगात हलवलं, त्याच्यावर खटला भरताहेत. किल्ली आता कुठल्याही कैद्याकडे नसते. परवा मी बराकीत परतलो, कात्रीही परत मिळाली. टोमणे ऐकावे लागतील म्हणून जीव मुठीत धरून होतो.

काल आमचा आचारी, तोही कैदीच, केस कापायला बसला. धिप्पाड गडी, सगळे त्याला पैलवान म्हणतात. कापून झाले तरी उठेना. मग पुटपुटला, मुकादमाने त्याच्या बाबतीतही तेच केलंय, माझ्याही आधी. ऐकून मला बरं वाटलं, ताई, आणि बरं वाटल्याची इतकी लाज वाटली की रडायला आलं. तोही रडला.

त्याला तक्रार द्यायची आहे, पण एकट्याने जाववत नाही. एवढा मोठा माणूस, मला म्हणाला, तू येशील का बरोबर? येतो म्हणालो.

लोभ आहे तसाच असू दे.
तुझा धाकला