सवत सापडली

प्रिय विनय,

तुझी ती सापडली. काल डॅनचा फोन आला तेव्हा मी ग्रोसरी स्टोअरमध्ये दुधीला नख लावून बघत होते. "वी फाउंड हर," एवढंच म्हणाला तुझा दोस्त आणि रडायला लागला. माझं नख इतकं रुतलं की तो दुधी विकत घ्यावा लागला. मला रडू आलं नाही. संताप आला, तो अजून उतरलेला नाही, म्हणून तुला लिहितेय. दुसऱ्या कोणावर ओरडू?

राणी व्हिक्टोरियाच्या काळातली इंग्रजांची युद्धनौका, वादळात बुडाली, पुन्हा कुणाला दिसली नाही. न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून लांब कुठेतरी तळाशी असणार, एवढ्या एका 'असणार'वर तू आपले सगळे वीकेंड उधळलेस. मी तिला सवत म्हणायचे आणि तू हसायचास. मी गंमत करत नव्हते रे!

आठवतं, आम्ही सोनार वापरून बोट शोधतोय, असं तू फोनवर आईंना सांगितलंस? आईंनी सांगलीत गल्लीभर करून टाकलं, आमच्या विनूनं अमेरिकेत सोनार गाठलाय, सुनेची चैन आहे. तू हसून लोळलास. आवाजानं तळ धुंडाळणाऱ्या त्या यंत्राऐवजी मला खरा सोनार चालला असता. निदान त्याचं दुकान संध्याकाळी बंद होतं.

आणि ती शेवटची ट्रिप. तुझ्या छातीत दुखत होतं म्हणून मी घेतलेली अपॉइंटमेंट तू कॅन्सल केलीस. "वेदर मस्त आहे यार, असा चान्स परत नाही मिळणार. डॉक्टर सोमवारी." सोमवारी! दुसऱ्याच दिवशी भर समुद्रात डेकवर कोसळलास, आणि किनारा येईपर्यंत सगळं संपलं होतं. ती इतकी वर्षं तिथेच पडून होती, विनय. कुठे पळून जाणार होती? एक सोमवार थांबली नसती?

डॅननं फोटो पाठवलेत. चिखलात रुतून सरळ उभी आहे. आत फळीवर चहाचे कप आहेत, एकाचाही कान तुटलेला नाही. सुंदर आहे ती. मला ते दिसलं आणि त्याचाच जास्त राग आला. आपली ईरा म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट अ शिप." हे तुझ्या बाबाला सांगायचं होतंस, असं मी तिच्यावर खेकसले. ती उठून गेली. थोड्या वेळानं परत आली, माझ्या हातातला फोन घेतला आणि फोटो बघत हळूच म्हणाली, "ही शुड हॅव सीन इट." बघायला तूच हवा होतास. तुझ्याऐवजी मी का बघतेय हे?

टीमनं ठरवलंय, उन्हाळ्यात तिथे जाऊन फुलं सोडायची. आणि तुझ्या अस्थी. भावोजींनी अर्ध्या कृष्णेत सोडल्या, उरलेल्या माझ्या कपाटात तुझ्या स्वेटरांमागे आहेत, हे डॅनला माहीत आहे. "ही बिलाँग्स विथ हर," म्हणाला. विथ हर! किती सहज म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

तूही एकदा जेवताना म्हणाला होतास, मला तिच्याजवळ सोड. तेव्हा मी तुझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि विषय बदलला. पण विसरले नाहीये.

तर ऐक. उन्हाळ्यात मी जाईन, ईराला घेऊन. फुलं सोडीन, तिच्याबरोबर बुडालेल्या खलाशांसाठी आणि घरी वाट बघत राहिलेल्या त्यांच्या बायकांसाठी. तुला मात्र नेणार नाही. तिच्याजवळ सोडायचं कबूल, शब्द देते, पण एकट्याला नाही. माझी वेळ आली की ईरा आपल्या दोघांना एकदमच सोडेल, तिला तसं सांगून ठेवलंय. बोटीला थांबायची सवय आहेच. मलाही होती. आता तू थांब, कपाटात, स्वेटरांमागे. बघ कसं वाटतं ते.

अजून चिडलेली,
तुझी मेधा